भेसळबाईंचं पाकीट

बाई रोज वर्गात खोटं बोलायच्या. अगदी ठरवून, चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता. सव्वीस वर्षं त्या नववीला 'ब्रिटन: इतिहास, संस्कृती आणि तंत्रज्ञान' हा विषय शिकवत होत्या, आणि प्रत्येक तासात एक वाक्य, एकच, धडधडीत खोटं. ते फळ्यावर इतर खऱ्या वाक्यांच्या रांगेत शहाण्यासारखं बसलेलं असायचं. तास संपत आला की बाई खडू ठेवायच्या, दोन्ही तळहात एकमेकांवर आपटून धूळ झटकायच्या, टप टप, आणि म्हणायच्या, "हं, बोला. आजची भेसळ कोणती?"

त्याआधी कोणी तोंड उघडायचं नाही, हा नियम. पण टप टप झालं रे झालं की वर्गात हातच हात. जो बरोबर पकडेल त्याने फळ्यावरचं ते वाक्य पुसायचं, आणि त्या जागी बाईंनी खरं लिहायचं. बक्षीस एवढंच. तरी त्या कळकट डस्टरसाठी पोरं जीव टाकायची. पोरांनीच त्यांना भेसळबाई करून टाकलं, आणि ते नाव इतकं चिकटलं की पगारपत्रकावरचं नाव शाळेत आता कोणाच्या तोंडी नव्हतं.

"ऐकलं की खरं मानायचं नाही," असं बाई सांगायच्या. मुलांना ही शिकवण चांगली लागू पडली. बाईंना स्वतःला मात्र जरा जास्तच. भाजीवालीचा काटा, डॉक्टरांचं निदान, नवऱ्याचं "गोळी घेतली हो" हे म्हणणं, सगळ्यात त्यांना भेसळ दिसायची. नवरा टपालखात्यातून निवृत्त झालेला, स्वभावाने शांत. तो रोज गोळीचं रिकामं पाकीट पुराव्यादाखल टेबलावर ठेवायचा.

यंदा शाळा उघडली आणि मुख्याध्यापकांनी जाहीर केलं, की नववीचा ब्रिटन आता छोट्या छोट्या व्हिडिओंतून शिकवायचा. वाफेचं इंजिन पाच मिनिटांत, टपालाचं तिकीट पाच मिनिटांत, राणीचं राज्यसुद्धा पाच मिनिटांत. "हल्ली लक्ष तेवढंच टिकतं," ते म्हणाले आणि स्वतःच खिडकीबाहेर बघायला लागले.

त्या कामासाठी एक तरुण नेमला. नकाशांच्या खोलीतले नकाशे जिन्याखाली गेले आणि ती खोली त्याला मिळाली. आवाज घुमू नये म्हणून त्याने भिंतींना जुन्या सतरंज्या ठोकल्या. शिक्षकांनी त्याचं नाव ठेवलं व्हिडिओमास्तर. पहिल्याच आठवड्यात तो बाईंच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"बाई, तुमच्या वह्या जरा बघायला मिळतील का?"

"कशाला?"

"व्हिडिओंसाठी. माझी ताई नेहमी म्हणते, की तुमच्यासारखं..."

"ताईचं घरी. वह्या मिळणार नाहीत."

तो हसला. आता मला सांगा, तोंडावर नकार मिळाल्यावर शहाणा माणूस हसतो का? बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

वह्या होत्या अकरा, चांगल्या जाडजूड, शिक्षकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. कपाटाला किल्ल्या दोन. एक बाईंच्या पर्समध्ये, दुसरी शिपाईमामांच्या जुडग्यात. वह्यांत खरी वाक्यं होती तशी खोटीही होती, पण खोट्यांवर कसलीही खूण नव्हती. ती बाईंना तोंडपाठ. खूण करून ठेवणं म्हणजे चोराच्या हातात दिवा देणं, असं त्यांचं गणित. कोणी चोरलंच, तर मालाबरोबर भेसळही घेऊन जाईल.

मग नवं वेळापत्रक लागलं. बाईंचे तास वीसवरून बारावर आले. उरलेल्या वेळात "ग्रंथालयाकडे जरा बघा," असं मुख्याध्यापक म्हणाले, आणि बाईंनी बघितलं तर ग्रंथालयातल्या खुर्चीला नवी गादी शिवून आलेली! म्हणजे सगळं आधीच ठरलं होतं. महिनाअखेरीला शाळा समिती येणार, नववीत बसून एक व्हिडिओ बघणार, आणि पसंत पडला तर उरलेले बारा तासही जाणार. बटण दाबायला बाई कशाला लागते? कोणीही रिकामा शिक्षक दाबेल. निवृत्तीला तीन वर्षं होती. पगार तोच राहणार होता, त्याचं काही नव्हतं. पण वर्ग गेला तर बाईंपाशी उरणार काय? ग्रंथालयातली पुस्तकं काही हात वर करत नाहीत.

एका रविवारी सकाळी शिक्षकांच्या ग्रुपवर पहिला व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, 'कृपया पूर्ण पाहून अभिप्राय कळवावा.' पाच मिनिटांचा व्हिडिओ, आणि दुसऱ्याच मिनिटाला बाकीच्या शिक्षकांचे अंगठे वर! सगळ्यात पहिला अंगठा मुख्याध्यापकांचा. बाईंनी नवऱ्याला शेजारी बसवून व्हिडिओ लावला.

विषय टपालाचं तिकीट. व्हिडिओमास्तरचा आवाज सांगत होता, की पूर्वी पत्राचे पैसे बहुतेक वेळा घेणाऱ्याला द्यावे लागत. "म्हणजे कोणीही उठावं, पत्र लिहावं, आणि भुर्दंड दुसऱ्याला," असं तो म्हणाला, आणि बाई ताठ बसल्या. हे त्यांचं वाक्य. शब्दन् शब्द त्यांचं. पुढे अठराशे चाळीसचं ते काळं एक पेनीचं तिकीट पडद्यावर आलं, राणीचा चेहरा आला, आणि मागोमाग आवाज आला, "या तिकिटावर देशाचं नाव ठळक छापलेलं होतं."

"हे चूक आहे," नवरा म्हणाला. "त्यांच्या तिकिटावर देशाचं नाव नसतंच. तीस वर्षं तिकिटं बघितलीत मी."

"चूक नाही हो, भेसळ आहे! माझी भेसळ!" बाईंनी फोन टेबलावर पालथा आपटला. "माझी वही उघडून उतरवलंय मेल्याने. कळलंसुद्धा नाही त्याला, की आपण काय उतरवतोय."

"अगं, पण पुढचं तरी बघ. अजून दीड मिनिट बाकी आहे."

"पुढचं काय बघायचंय? शितावरून भाताची परीक्षा होते."

नवऱ्याने फोन सुलटा करायला हात पुढे केला, तर बाईंनी तो उचलून थेट पर्समध्ये टाकला.

दुसरा व्हिडिओ आला वाफेच्या इंजिनाचा. पुन्हा बाईंचीच वाक्यं, त्याच क्रमाने, आणि मध्येच, "जगातलं पहिलं वाफेचं इंजिन वॉटने बनवलं." वॉटने आधीचं इंजिन सुधारलं होतं, पहिलं काही बनवलं नव्हतं, ही बाईंची अठरा वर्षांपूर्वीची भेसळ. तिथेच त्यांनी व्हिडिओ बंद केला. रक्त असं उकळत होतं, की त्या आवाजाचा पुढचा एक शब्द ऐकवेना.

आता प्रश्न एकच. वह्यांपर्यंत हा पोचला कसा? कुलूप शाबूत होतं. म्हणजे किल्ली. आणि किल्ली म्हणजे शिपाईमामा. बाईंनी सापळा लावला. रोज घरी जाताना कपाटाच्या मुठीवर खडूची पूड भुरभुरवायच्या आणि सकाळी आल्या आल्या चष्मा पुसून तपासायच्या. पहिला दिवस, पूड जशीच्या तशी. आठवडा झाला, जशीच्या तशी. आणि आठव्या दिवशी तिसरा व्हिडिओ! धुराडी साफ करणाऱ्या मुलांवरचा, वही क्रमांक सात. तोही बाईंनी भेसळ आली तिथेच बंद केला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, की चला, कपाट कोणी उघडत नाही, माझंच काहीतरी चुकलं. पण संशय एकदा घरात शिरला की पुराव्याला दाराबाहेर उभं करतो. बाई म्हणाल्या, बघा किती पक्का आहे! उघडतो आणि वर पुन्हा पूड भुरभुरवून ठेवतो.

त्यांनी मधल्या सुट्टीत शिपाईमामांना गाठलं. मामा घंटेची दोरी ओवत बसले होते.

"मामा, माझ्या कपाटाची किल्ली कोणाला दिली होती का?"

"नाही बाई."

"व्हिडिओमास्तरला?"

मामांनी दोरी खाली ठेवली. "बाई, एकवीस वर्षं हे जुडगं माझ्या कमरेला आहे. तुम्ही मला सरळ चोर म्हणा की."

"मी कुठे म्हणाले? मी फक्त विचारलं."

"विचारलंत ते कळलं," मामा म्हणाले, आणि जुडग्यातून ती एक किल्ली काढून त्यांनी बाईंच्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या टेबलावर मामा रोज सकाळी ठेवायचे तो खडूचा डबा दिसेना. स्वतः जाऊन आणावा लागला. बाईंना वाटलं, राग आला म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी ग्रंथालयातल्या त्याच गुबगुबीत गादीवर बसून समितीच्या अध्यक्षबाईंना पत्र लिहिलं. शिपायाने माझं कपाट उघडून माझ्या वह्या व्हिडिओ करणाऱ्या इसमास दिल्या आहेत. सदर इसमाने त्या न समजता उतरवल्या आहेत. त्याचे व्हिडिओ चुकांनी भरलेले आहेत, व ते दाखवून मुलांचं नुकसान करू नये. अक्षर सुरेख, मुद्दे सुबक, पाकीट डिंकाने बंद. तो व्हिडिओवाला पोरगा जाईल, मामांची चौकशी लागेल, आणि आपले तास आपल्याकडे राहतील. रात्री बाईंना झोपसुद्धा छान लागली.

सकाळी अध्यक्षबाई आल्या, बरोबर दोन सभासद आणि मुख्याध्यापक. नववीच्या मागच्या बाकांवर त्यांना बसवलं. बाईंनी पाकीट त्यांच्या हातात दिलं. "व्हिडिओ झाल्यावर वाचा," त्या हळूच म्हणाल्या. अध्यक्षबाईंनी ते चष्म्याच्या घराखाली ठेवलं. मुलांनी अजून एकही व्हिडिओ बघितला नव्हता, त्यामुळे वर्गात चुळबुळ चालली होती. व्हिडिओमास्तरने प्रोजेक्टर लावला, शिपाईमामांनी पडदे ओढले आणि ते दारात उभे राहिले, बाईंकडे न बघता.

व्हिडिओ होता रेल्वेच्या वेळेचा. गाड्या धावायला लागण्याआधी ब्रिटनमधल्या गावोगावची घड्याळं आपापल्या सूर्यावर चालायची. "ज्याचा सूर्य त्याची वेळ, भांडण नाही तंटा नाही," व्हिडिओमास्तरचा आवाज म्हणाला. बाईंचंच वाक्य. मग गाड्या आल्या, आणि एकाच गाडीची दोन गावांत दोन वेळापत्रकं व्हायला लागली. पडद्यावर ब्रिस्टलमधलं एक जुनं घड्याळ आलं, त्याला दोन मिनिटकाटे होते, एक गावच्या वेळेचा आणि एक लंडनच्या. आता. बाईंनी श्वास रोखला. आता येणार.

"ब्रिस्टलचं घड्याळ लंडनच्या दहा मिनिटं पुढे होतं."

आलं! बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. खिडकीजवळच्या वेणीवालीने डोळे बारीक केले आणि मान वळवून थेट त्यांच्याकडे बघितलं. मग आणखी एकाने. मग चार जणांनी. बाईंना कळेना, ही पोरं पडदा सोडून माझ्याकडे का बघताहेत? पुढचं वाक्य ऐकू येईना, कारण पुढचं वाक्य नव्हतंच. पडद्यावर नुसता एक काळा फळा दिसत होता, त्यावर आतापर्यंतची वाक्यं ओळीने लिहिलेली.

आणि मग आवाज आला. टप टप.

दोन तळहातांचा. खडूची धूळ झटकल्याचा.

"हं, बोला," पडदा म्हणाला. "आजची भेसळ कोणती?"

वर्गाचा नुसता स्फोट झाला. चौतीस हात! मागचे दोन सभासद दचकून मागे सरकले. बाईंचा हात आपोआप वेणीवालीकडे गेला, सव्वीस वर्षांची सवय, आणि ती उभी राहून धाडधाड सांगायला लागली. "बाई, ब्रिस्टल लंडनच्या पश्चिमेला आहे. सूर्य आधी लंडनला उगवणार, मग ब्रिस्टलला. म्हणजे ब्रिस्टल मागे हवं, पुढे नाही. दहा मिनिटं मागे!"

पडद्यावरच्या फळ्यावरचं वाक्य पुसलं गेलं आणि त्या जागी बरोबर वाक्य उमटलं. त्याच्याखाली बारीक अक्षरांत, 'ही पद्धत आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंची आहे. प्रश्नापाशी व्हिडिओ थांबवून मुलांची उत्तरं बाईंनीच ऐकावीत.'

दीड मिनिट. प्रत्येक व्हिडिओत ते दीड मिनिट होतं. पूर्ण पाहून अभिप्राय कळवावा, असं लिहून दिलं होतं त्याने. आणि जगाला 'शेवटपर्यंत तपासा' म्हणून सांगणारी बाई तीनदा अर्ध्यावर उठून गेली होती. बाईंना आपलीच इतकी लाज वाटली, की कानांच्या पाळ्या तापल्या.

"सुंदर!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण तुम्हाला बाईंची पद्धत इतकी तंतोतंत कशी माहीत?"

व्हिडिओमास्तर प्रोजेक्टरमागून पुढे आला. "माझी ताई बाईंच्या हाताखाली शिकली. तिच्या नववीच्या वह्या तिने अजून जपून ठेवल्यात, बाईंचं प्रत्येक वाक्य उतरवून घेतलेलं, आणि भेसळीला लाल पेन्सिलीने गोल. मी बाईंच्या वह्या मागितल्या होत्या, पण नाही दिल्या तरी अडलं नाही. कपाटात दहा-बारा असतील. बाहेर घरोघरी किती असतील, कोणी मोजलंय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हे. बाईंनी मामांकडे बघितलं. मामा दाराची चौकट धरून तसेच उभे होते.

अध्यक्षबाई मुख्याध्यापकांकडे वळल्या. "हे कोणीही बटण दाबून चालवण्यासारखं नाही. मुलांची उत्तरं ऐकायला बाईच हव्यात. त्यांचे वीसच्या वीस तास परत द्या." मुख्याध्यापकांनी लगेच मान डोलावली, जणू त्यांच्या मनात पहिल्यापासून हेच होतं. मग अध्यक्षबाईंनी चष्म्याचं घर उचललं. "आणि हो बाई, हे पाकीट कसलं?"

बघा, किती सोपं होतं. रजेचा अर्ज आहे म्हणायचं, हसायचं, आणि पाकीट परत घ्यायचं. कोणाला पत्ता लागला नसता. तास मिळाले होते, मान मिळाला होता, पोरं खुशीत होती. "ते ना..." बाईंनी सुरुवातही केली, "ते रजेचं..." आणि खिडकीजवळच्या वेणीवालीने डोळे बारीक केले. तस्सेच, मघा पडद्याकडून मान वळवताना केले होते तसे.

बाई उठल्या. फळ्यापाशी गेल्या, खडू उचलला, आणि पाकिटातलं पहिलं वाक्य मोठ्या, सुरेख अक्षरांत लिहून काढलं. 'शिपायाने माझं कपाट उघडून माझ्या वह्या व्हिडिओ करणाऱ्या इसमास दिल्या आहेत.' मागे अध्यक्षबाईंनी पाकीट फोडलं, पत्र उघडलं, फळ्याकडे बघितलं आणि पुन्हा पत्राकडे.

"पत्रातही हेच आहे," बाई म्हणाल्या. "व्हिडिओमास्तरबद्दलही असंच आहे. काल मी ते खरं समजून लिहिलं." मग त्यांनी खडू ठेवला आणि तळहात एकमेकांवर आपटले. टप टप. "हं. बोला."

चौतीसांतला एकही हात वर झाला नाही. पोरं कसली हुशार! सगळ्यांनी माना वळवून दाराकडे बघितलं.

दारात शिपाईमामांनी हात वर केला होता. फार उंच नाही, खांद्याएवढा. एकवीस वर्षं त्या वर्गाची घंटा वाजवणारा माणूस, पण त्या वर्गात त्याने हात कधी वर केला नव्हता.

"बोला, मामा."

"कपाट कोणी उघडलं नाही," मामा म्हणाले.

बाईंनी डस्टर पुढे केलं. मामा बाकांच्या मधून चालत आले. जुडगं खुळखुळत होतं, एक किल्ली कमी असलेलं. त्यांनी वाक्य पुसलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, काना-मात्रासुद्धा मागे राहू दिली नाही.

अध्यक्षबाई पत्र घेऊन पुढे आल्या. त्यांचा चेहरा कडक झाला होता. त्यांनी ते मामांपुढे धरलं. "हे दप्तरी लावायचं की फाडायचं, ते तुम्ही सांगा."

मामांनी पत्र हातात घेतलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"फाडू नका," मामा म्हणाले. "बाईंच्या वहीत लावू दे. पण लाल खूण करून."

मग वाकून त्यांनी खालच्या पट्टीवरचा खडूचा तुकडा उचलला आणि बाईंच्या हातात दिला.

"खरं काय ते लिहा आता," ते म्हणाले. "घंटा व्हायला चार मिनिटं आहेत."